बिल पोचलं की नाही, हे ॲपला ठामपणे सांगता आलं पाहिजे

तुमचा प्रश्न मला असा समजला. यावल-रावेर भागातल्या एका ठिबक आणि पाइप विक्रेत्यासाठी तुम्ही मोबाइल ॲप बनवलंय. दुकानातला माणूस आणि गाडीवर जाणारी पोरं त्यावर बिल करतात आणि ती बिलं एपीआयमधून (दोन सॉफ्टवेअरनी आपसात बोलायच्या वाटेनं) ऑनलाइन अकाउंटिंग सॉफ्टवेअरला जातात. कधी एकच बिल दोनदा पडतं, कधी पडतच नाही. महिनाअखेरीला सीएंना काही पैशांचा फरक सापडतो आणि मध्येच कधीतरी सगळं थांबून पुन्हा लॉगिन मागतं. आता सॉफ्टवेअर बदलावं की वेबहुक (तिकडे काही बदललं की सॉफ्टवेअरनं आपणहून ॲपला कळवायची सोय) लावावा, असं तुम्ही विचारलंय.

मी जळगावात राहून डाळ मिल, जिनिंग, पाइपवाले आणि केळी व्यापारी यांच्यासाठी हेच जोडणीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी थेट उत्तर: सॉफ्टवेअर बदलू नका. आज जे इथे होतंय तेच नव्या ठिकाणीही होईल. वेबहुक पुढे जरूर लावा, पण तुमच्या चारपैकी एकही तक्रार त्यानं मिटणार नाही.

खरी अडचण वेगळी आहे. तुमचं ॲप 'पाठवलं' आणि 'नोंदलं गेलं' या दोन गोष्टी एकच समजतं. बिल सर्व्हरकडे रवाना झालं आणि उत्तर यायच्या आत रेंज गेली, तर बिल तिकडे नोंदलं गेलं की नाही हे तुम्हाला माहीतच नसतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत हे रोज होणार. अशा वेळी ॲप 'फेल' धरून पुन्हा पाठवतं तेव्हा जोडबिल होतं, आणि 'झालं' धरून पुढे जातं तेव्हा बिल हरवतं. तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ हे एकच आहे.

पुढचं वाचण्याआधी तुमच्या मालकांना काही गोष्टी विचारून घ्या, कारण उत्तर त्यावर बदलतं. बिलाचा नंबर कोण देतं, ॲप की अकाउंटिंग सॉफ्टवेअर? फर्मची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे का? फर्म मालकीची आहे, भागीदारी आहे की प्रायव्हेट लिमिटेड? आणि सीए रोज आत डोकावतात की रिटर्नच्या आधी दोन दिवस? मी खाली जे सांगतोय ते नंबर ॲपच देतं असं गृहीत धरून, कारण रेंज नसलेल्या शेतात बिल हातात द्यायचं असेल तर दुसरा पर्याय उरत नाही.

आता जोडबिलांकडे येऊ. यातच सगळ्यात जास्त वेळ घाला. ॲपच्या डेटाबेसमध्ये एक वेगळं टेबल करा. सरकारी ऑफिसात जावक रजिस्टर असतं ना, तसं. बिल सेव्ह होतं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये या टेबलात एक ओळ पडली पाहिजे. बिल सेव्ह झालं आणि ओळ पडली नाही, किंवा उलटं झालं, असं कधीच होता कामा नये. बटण दाबल्यावर थेट एपीआय मारायचा हा प्रकार पूर्ण बंद करा. पाठवण्याचं काम मागे चालणाऱ्या एका स्वतंत्र प्रक्रियेनं, या टेबलातून ओळी उचलून करावं.

प्रत्येक ओळीला अवस्था असते: पाठवायचंय, पाठवतोय, पोचलं, नाकारलं. बहुतेक जण इथे थांबतात. मी पाचवी अवस्था ठेवतो, 'माहीत नाही'. टाइमआउट झाला, कनेक्शन तुटलं, किंवा समोरून ५०० च्या घरातली चूक (म्हणजे सर्व्हरचाच बिघाड) आली, तर ओळ या अवस्थेत जाते. या अवस्थेतली ओळ कधीही आंधळेपणानं पुन्हा पाठवायची नाही. आधी समोरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बिल आहे का ते शोधायचं. सापडलं तर तिथला आयडी आपल्याकडे लिहून 'पोचलं' करायचं, नाही सापडलं तरच पुन्हा पाठवायचं. शोध लगेच घेऊ नका. थोडं थांबून घ्या, कारण तुमची आधीची विनंती अजून तिकडे चालू असू शकते.

शोधायचं कशावरून? बिल फोनवर तयार होतं त्या क्षणीच त्याला एक यूयूआयडी (कुठेही दुसरा तसा नसेल असा लांब ओळख क्रमांक) द्या आणि तो आयुष्यभर बदलू नका. दर वेळी पाठवताना नवा यूयूआयडी करणारा कोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे, त्यानं काहीही साधत नाही. हा यूयूआयडी समोरच्या बिलात संदर्भ क्रमांकाच्या रकान्यात किंवा कस्टम फील्डमध्ये जाऊ द्या. झिरो (Xero) सारखी काही अकाउंटिंग सॉफ्टवेअर विनंतीच्या हेडरमध्ये आयडेम्पोटन्सी की स्वीकारतात. तीच की पुन्हा आली, तर ती दुसरी नोंद करत नाहीत. अशी सोय असेल तर वापरा, पण त्यावरच विसंबू नका, कारण अशा की ठराविक काळच लक्षात ठेवल्या जातात. आणि गाडी सावद्याहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजमध्ये येते.

शेवटचं कुलूप म्हणजे बिल नंबर स्वतः. तो नंबर आधीच वापरला असेल तर अकाउंटिंग सॉफ्टवेअरनं बिल नाकारावं, अशी सेटिंग असेल तर चालू ठेवा. झोहो बुक्स या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा नंबर पाठवायचा असेल तर स्वयंचलित क्रमांकाकडे दुर्लक्ष करण्याचा पॅरामीटर विनंतीसोबत द्यावा लागतो, तो विसरला की गोंधळ होतो. आणि 'हा नंबर आधीच आहे' असं उत्तर आलं तर ती चूक समजू नका. बहुतेक वेळा तीच तर पोच असते. ते बिल उघडा, यूयूआयडी आणि रक्कम जुळते का पाहा. जुळली तर काम झालं. नाही जुळली तर मात्र दोन गाड्या एकच नंबर वापरत आहेत, आणि ते ताबडतोब माणसाच्या नजरेला आणा.

दोन गाड्या एक नंबर वापरू नयेत म्हणून प्रत्येक फोनला स्वतंत्र सीरिज द्या. केंद्रीय जीएसटी नियमावलीतला नियम ४६ एकाहून जास्त सीरिज चालवायला परवानगी देतो. अट अशी की नंबर सलग असावा, त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा आणि १६ अक्षरांच्या आत बसावा. रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच त्यात चालतं. एफ१/२५२६/०००१२३ अशी रचना रोमन अक्षरांत १४ जागांत बसते. अक्षरं नेहमी मोठ्या लिपीतली ठेवा, कारण ई-इन्व्हॉइसचं (बिल ऑनलाइन नोंदवायचं सरकारी) पोर्टल जून २०२५ पासून लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. रद्द झालेल्या बिलाचा नंबर पुन्हा वापरायचा नाही. ते बिल 'रद्द' म्हणूनच पुस्तकात राहू द्या.

आपल्या भागातली एक खास गोष्ट इथेच सांगतो. गाडीवरच्या पोरांच्या फोनमध्ये मराठी कीबोर्ड असतो आणि त्यावर आकडे देवनागरीत उमटतात. पायथॉनचं इंट हे फंक्शन १२५ असा देवनागरी आकडा काहीही तक्रार न करता स्वीकारतं. त्यातलं रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं आकड्याचं चिन्हही देवनागरी आकड्यांना मान्य करतं. जावास्क्रिप्टचं नंबर मात्र तोच आकडा नाकारतं. त्यामुळे सर्व्हरवर तपासणी पास होते, नंबर स्ट्रिंग म्हणून देवनागरीतच पुढे जातो आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअर किंवा जीएसटी पोर्टल तिथे अडतं. बिल नंबर, जीएसटी क्रमांक, मोबाइल, नग, दर, सगळे रकाने फोनवरच इंग्रजी आकड्यांत (0 ते 9) बदलून घ्या. स्क्रीनवर मराठी आकडे दाखवायला काहीच हरकत नाही, दाखवावेतच. साठवताना मात्र एकच रूप हवं.

आता पैशांचा फरक. उदाहरणानं बघू. करपात्र रक्कम १,२३५.३० रुपये आणि कर ५ टक्के. एकत्र काढला तर कर ६१.७६५, म्हणजे ६१.७७. पण राज्यातल्या विक्रीत सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर) अडीच-अडीच टक्के वेगळे निघतात. प्रत्येकी ३०.८८२५, म्हणजे ३०.८८, दोन्ही मिळून ६१.७६. एका बिलात एक पैसा. तुमचं ॲप एका पद्धतीनं आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या पद्धतीनं करत असेल, तर महिन्याच्या शेकडो बिलांवर तो फरक साचतो आणि सीएंच्या तक्त्यात उभा राहतो.

त्यात कोडमधल्या सवयी भर घालतात. फ्लोटमध्ये (दशांश आकडा अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, म्हणून पैसे फ्लोटमध्ये ठेवायचेच नाहीत. रक्कम पैशांत मोजून पूर्णांकात ठेवा, किंवा डेसिमल प्रकार वापरा. शिवाय पायथॉनचं राउंड बरोबर अर्ध्यावर आलेल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं, तर जावास्क्रिप्टचं मॅथ डॉट राउंड वरच्या बाजूला नेतं. फोनवर एक भाषा आणि सर्व्हरवर दुसरी असेल, तर तुमचे स्वतःचेच दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत. राउंड करण्याचा नियम एका जागी लिहा, त्याला नाव द्या आणि दोन्हीकडे तोच चालवा.

नियम कोणता घ्यायचा? तुमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा. ते प्रत्येक ओळीवर राउंड करतं की एकूण रकमेवर, हे त्याच्या सेटिंगमध्ये पाहा, खात्रीसाठी वरच्यासारखं मुद्दाम अडचणीचं बिल करून पाहा आणि फोनवर तंतोतंत तसंच करा. गिऱ्हाइकाच्या हातात छापील बिल गेलं की तोच आकडा खरा, पुस्तकानं त्याच्याशी जुळलं पाहिजे. म्हणून बिल पोचल्यावर समोरून आलेली एकूण रक्कम आपल्या रकमेशी ताडून बघा, आणि एका पैशाचाही फरक असेल तर ओळीवर खूण करा. फरक राउंड ऑफच्या खात्यात ढकलून गप्प बसणारा कोड लिहू नका. पूर्ण रुपयासाठी राउंड ऑफ करायचं असेल तर ते बिलावर छापलेलं, वेगळ्या ओळीत दिसणारं असावं.

तुमच्या मालकांच्या धंद्यात कराचा दर ही तर ताजी जखम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पीव्हीसी पाइपवरचा १८ टक्के तसाच राहिला. म्हणजे एकाच बिलात दोन दर येतात, आणि आधीच्या विक्रीतला माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्या दरानंच निघते. दर कोडमध्ये लिहिलेला असेल तर हे जमणारच नाही. दरांचं टेबल हवं, त्यात 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' हे रकाने हवेत, आणि बिलाच्या ओळीवर त्या दिवशीचा दर कायमचा कोरलेला हवा. कोणती वस्तू ठिबक संचाचा भाग आणि कोणती नुसती नळी, हे तुम्ही ठरवू नका. वस्तूंची यादी काढून सीएंकडून एचएसएनसह (जीएसटीतल्या वस्तूच्या कोडसह) लेखी घ्या.

रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर आहे हेही विसरू नका. तिथल्या नोंदणीकृत दुकानदाराला माल गेला की सीजीएसटी-एसजीएसटी नाही, आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा कर) लागतो. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, आणि नंदुरबारच्या पलीकडच्या गिऱ्हाइकांसाठी गुजरात २४. १५ अक्षरांच्या त्या क्रमांकातलं शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं, त्याचा हिशेब फोनवर नेटशिवायही होतो. चुकीचा क्रमांक शेतातच लक्षात आला तर गिऱ्हाईक समोर उभं असतं, आठ दिवसांनी लक्षात आला तर फोन करत बसावं लागतं. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचं राज्य मात्र अंदाजानं भरू नका, तो रकाना सक्तीचा ठेवा.

गिऱ्हाइकांची जुळणी नावावरून करायची नाही, हे तर आपल्याकडे कुणालाही पटेल. एका गावात एकाच नावाचे किती पाटील, किती चौधरी, किती महाजन असतात! कुणी मराठीत लिहितं, कुणी इंग्रजीत, कुणी फक्त आद्याक्षरं. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधला ग्राहक आयडी आपल्या टेबलात साठवा आणि कायम त्यानंच बोला. पहिल्यांदा जोडताना मोबाइल नंबर आणि गाव यांवरून सुचवा, पण नक्की दिवाणजींना करू द्या. एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर पडली, की दुकानाची पत जाते. ते नुकसान कुठल्याही सॉफ्टवेअरमधून भरून निघत नाही.

तारखेबद्दल थोडं, पण नीट वाचा. आपली वेळ यूटीसीपेक्षा (जागतिक प्रमाणवेळेपेक्षा) साडेपाच तास पुढे आहे. केळीच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत भरतात आणि पहाटे दोनला बिल होतं. ताज्या केळीवर जीएसटी नाही, तिथे टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय निघतं, पण तारीख त्यालाही लागतेच. १ एप्रिलला पहाटे दोनला झालेलं बिल यूटीसीत ३१ मार्च, रात्री साडेआठचं होतं. ॲपनं तोच वेळशिक्का कापून तारीख काढली, तर बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. तुमच्याकडे हे दिवसा-संध्याकाळी विकणाऱ्या दुकानात दिसणार नाही, आणि मालकांनी पहाटे गाडी भरायला सुरुवात केली की अचानक दिसेल. बिलाची तारीख हा नुसता दिवस आहे, वेळ नव्हे. ती भारतीय वेळेनुसार बिल करतानाच ठरवून मजकूर म्हणून साठवा. फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, म्हणून सर्व्हरवर पोचल्याची वेळ शेजारच्या रकान्यात ठेवा आणि दोन्हींत फार अंतर असेल तर दाखवा.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: यूयूआयडी एकदाच, जावक टेबल त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, 'माहीत नाही' असेल तर आधी शोध, नंबर सीरिजप्रमाणे, पैसे पूर्णांकात, दर तारखेप्रमाणे, दिवस भारतीय वेळेचा. तुमच्या पहिल्या तीन तक्रारी यात संपतात.

चौथी, पुन्हा लॉगिन मागण्याची. ओऑथ २.० (पासवर्ड न देता ॲपला आत येऊ देण्याची पद्धत) मध्ये ॲक्सेस टोकन, म्हणजे आत यायचा तात्पुरता पास, थोडाच वेळ टिकतं. झोहोचं एक तास, झिरोचं ३० मिनिटं. ते संपलं की रिफ्रेश टोकन देऊन नवं घ्यायचं. झिरोसारख्या ठिकाणी दर वेळी रिफ्रेश टोकनही बदलतं. तुमच्या दोन प्रक्रिया एकाच वेळी नवं टोकन मागायला गेल्या तर एकीच्या हातात जुनं, निकामी टोकन राहतं आणि जोडणी तुटते. टोकन सांभाळण्याचं काम एकाच ठिकाणी, कुलूप लावून करा. नवं टोकन डेटाबेसमध्ये पक्कं लिहिल्याशिवाय वापरायला देऊ नका. फोनमध्ये तर टोकन कधीच ठेवू नका. फोन हरवतो, पोरगं नोकरी सोडतं. झोहोमध्ये खातं भारतातल्या डेटा सेंटरवर असेल तर लॉगिन आणि एपीआय दोन्ही पत्ते डॉट इनचेच हवेत. डॉट कॉमवरून घेतलेलं टोकन इथे चालत नाही.

आणखी एक कारण तांत्रिक नाही. जोडणीची परवानगी देताना कोणाचं लॉगिन वापरलंत? बऱ्याच ठिकाणी ते सीएंच्या ऑफिसातल्या मुलाचं असतं. त्याचा प्रवेश काढला की जोडणी मेली. जोडणीसाठी वेगळा वापरकर्ता काढा, त्याला लागेल तेवढेच अधिकार द्या आणि त्याचा ईमेल मालकांच्या ताब्यात ठेवा.

मर्यादांचं थोडक्यात. झोहो बुक्स एका संस्थेला मिनिटाला १०० विनंत्या देतं, झिरो ६०. शिवाय दिवसाची मर्यादा प्लॅनप्रमाणे असते. संध्याकाळी सगळ्या गाड्या एकदम रेंजमध्ये आल्या की ही मर्यादा गाठली जाते आणि ४२९ (म्हणजे 'फार विनंत्या झाल्या') हे उत्तर येतं. त्यात किती वेळ थांबायचं ते सांगितलेलं असेल तर तेवढं थांबा, नसेल तर दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करा आणि त्यात थोडी अनियमितता मिसळा. याउलट ४०० किंवा ४२२ हे चूक-कोड आले तर बिलातच काही चुकलंय. ते शंभरदा पाठवूनही पडणार नाही. ते थेट 'नाकारलं' मध्ये टाका आणि दिवाणजींना समजेल अशा मराठीत कारण दाखवा: 'ग्राहकाचा जीएसटी क्रमांक चुकीचा आहे', 'ही वस्तू सॉफ्टवेअरमध्ये नाही'. सर्व्हरचा मूळ मजकूर लॉगमध्ये पूर्ण ठेवा, फक्त टोकन त्यातून गाळा.

वेबहुकबद्दल तुम्ही आवर्जून विचारलंत. तो कशासाठी वापरायचा ते सांगतो. बिलं ॲपकडून पुस्तकाकडे जातात, एकाच दिशेनं. जमा झालेले पैसे आणि उधारीची शिल्लक पुस्तकाकडून ॲपकडे येते, तीही एकाच दिशेनं. एकच गोष्ट दोन्हीकडून बदलता येते अशी रचना टाळा, त्यात कोण खरं हे कधीच ठरत नाही. वेबहुक या दुसऱ्या दिशेसाठी चांगला: शेतकऱ्यानं केळी गेल्यावर दुकानात पैसे भरले, की गाडीवरच्या पोराला शिल्लक लगेच दिसावी. पण वेबहुक दोनदा येऊ शकतो, उलट्या क्रमानं येऊ शकतो, येणार नाही असंही होऊ शकतं. म्हणून आधी त्याची सही (तो खऱ्या सॉफ्टवेअरकडूनच आलाय याची डिजिटल खूण) तपासा, तो रांगेत टाका, ताबडतोब २०० ('मिळालं') उत्तर द्या आणि मग सावकाश ती नोंद एपीआयनं पुन्हा मागवून तिच्यावर विश्वास ठेवा. वेबहुकमधल्या रकमेवर थेट शिल्लक बदलू नका.

त्याशिवाय रोज रात्री 'कालपासून काय बदललं' एवढं मागवणारी एक फेरी हवीच. अकाउंटिंगच्या बाजूला कुणीतरी बिल दुरुस्त करतं, पुसतं, ग्राहक बदलतं. ते तुमच्या ॲपला एरवी कळत नाही. या फेरीतून दिवाणजींसाठी एकच पडदा बनवा: प्रत्येक सीरिजची त्या दिवसाची बिलं किती, एकूण रक्कम किती, ॲपमध्ये आणि पुस्तकात. खाली फक्त न जुळणारी बिलं. रोजमेळ मांडणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, तो पहिल्या दिवसापासून वापरतो. मी दिलेल्या सगळ्या कामांत हाच पडदा लोक सगळ्यात जास्त उघडतात, आणि चुका मला कळण्याआधी त्यांना कळतात. माझ्या मते हा पडदा नसलेली जोडणी मालकाच्या हातात देऊच नये.

फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एक कायदेशीर गोष्ट आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं सक्तीचं आहे. तुमचा कोड बिल पुसून पुन्हा करत असेल तर ते सगळं त्या नोंदीत दिसतं आणि ऑडिटर त्याचं कारण विचारणार. मालकीच्या फर्मला हा नियम लागू नाही, तरी मी तिथेही पुसण्याचा अधिकार जोडणीच्या वापरकर्त्याला देत नाही. दुरुस्ती क्रेडिट नोटनं. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरण्याची तारीख महिनेवाल्यांसाठी पुढच्या महिन्याची ११ असते. ते भरून झालं की मागचा महिना सॉफ्टवेअरमध्ये लॉक करून घ्या आणि त्या तारखेचं बिल उशिरा आलं तर ॲपनं ते अडवून माणसाला विचारावं.

उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागतं. शेतकऱ्याच्या बिलाला नाही, पण नोंदणीकृत दुकानदाराला माल दिला की लागतं. आयआरएन (ई-इन्व्हॉइसला पोर्टलवर मिळणारा नोंदणी क्रमांक) कोण काढणार ते एकदाच ठरवा, ॲप किंवा अकाउंटिंग सॉफ्टवेअर. दोघांनी प्रयत्न केला तर दुसऱ्याला 'आधीच आहे' असं उत्तर येतं आणि कोडमध्ये ते चूक म्हणून धरलं जातं. आयआरएन पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतो, आणि रद्द केलेल्या नंबरावर पुन्हा काढता येत नाही. त्यामुळे गाडीवरून दुकानदाराला बिल देणं अशा फर्ममध्ये रेंजशिवाय शक्यच नाही. तिथे डिलिव्हरी चलन द्या आणि बिल दुकानातून काढा. हे मालकांना आधीच स्पष्ट सांगा.

सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल शेवटचं. क्विकबुक्सनं २०२३ मध्ये भारतातली सेवा बंद केली, तेव्हा ज्यांचा कोड सगळीकडे त्याच्या रकान्यांच्या नावांनी भरलेला होता त्यांना अख्खं ॲप उकलावं लागलं. म्हणून अकाउंटिंग सॉफ्टवेअरशी बोलणारा कोड एका थरात ठेवा. बाकीच्या ॲपला फक्त 'बिल नोंदव', 'बिल शोध', 'जमा आण' एवढंच माहीत असावं. उद्या मालकांच्या नव्या सीएंना दुसरं सॉफ्टवेअर हवं झालं तरी जावक टेबल आणि रोजचा पडदा तसाच राहील.

आता आजच्या आज काय करायचं ते. आधी फेल झालं की आपोआप पुन्हा पाठवणारा जुना कोड थांबवा, बिलं फोनवर साठू द्या. मग दोन्ही बाजूंची बिलं काढून तारीख, ग्राहक आयडी आणि रक्कम यांवरून संशयित जोड्यांची यादी बनवा. एकाच दिवशी एकाच शेतकऱ्यानं तेवढ्याच रकमेचा माल खरंच दोनदा नेलेला असू शकतो, म्हणून स्क्रिप्टनं काहीही पुसू नका. यादी महिन्याप्रमाणे लावा. ज्या महिन्यांचं रिटर्न भरलेलं नाही ती जोडबिलं आत्ताच रद्द करता येतील, ज्यांचं भरलंय त्यांची दुरुस्ती सीए सांगतील तशी. हरवलेल्या बिलांची वेगळी यादी करा, तीही तारखेनं. सीएंनी प्रत्येक ओळीपुढे निर्णय लिहून दिला की मगच नवा कोड चालू करा. जुना आणि नवा एकाच वेळी बिलं पाठवत राहिले, तर नव्यानं पडलेली जोडी कुठल्या कोडमुळे आली हे तुम्हाला शोधता येणार नाही.